सपाट रस्त्याची चढण

जून २०२२ च्या पहिल्या आठवड्यात अमरावती-अकोला रस्त्यावर एक जागतिक विक्रम झाला. ३ जूनच्या सकाळी लोणी ते मूर्तिजापूर या टप्प्यात डांबराचा थर अंथरायला सुरुवात झाली. रात्रंदिवस पाळ्या लावून काम चाललं आणि ७ जूनच्या संध्याकाळी ते थांबलं, तेव्हा ७५ किलोमीटर लांबीचा एक पदर तयार होता. दुपदरी रस्ता धरला तर साडेसदतीस किलोमीटर. वेळ लागला १०५ तास ३३ मिनिटं. माणसं ७२०, खडी-डांबराचं मिश्रण ३६,६३४ टन. गिनीज बुकातला हा मान त्याआधी कतारकडे होता; तिथं २५ किलोमीटरसाठी दहा दिवस लागले होते. या रस्त्यानं आधीची कित्येक वर्षं लोकांची हाडं इतकी खिळखिळी केली होती, की विक्रमाची बातमी ऐकून अमरावती-अकोल्याकडच्यांना अभिमान वाटायच्या आधी हायसं वाटलं.

आता मोटारीनं अमरावतीहून अकोल्याला दोन तासांत पोचता येतं. सायकलवाले मात्र जाताना या रस्त्याकडे पाठ फिरवतात. ते उत्तरेची वाट धरतात: वलगाव, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, अकोट आणि मग दक्षिणेला वळून गांधीग्रामवरून अकोला. महामार्ग येतो तो परतीला. सरळ गेलं तर अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे. हा वळसा घेतला की जाऊन-येऊन दोनशेच्या वर जातं. नकाशात हा वेडेपणा दिसतो. पण महामार्गावर दिसतात ते ट्रकचे मागचे दिवे, आणि वऱ्हाड आहे ते या आडवाटेच्या दोन्ही बाजूंना.

पूर्णा नदीच्या या खोऱ्याचं जुनं नाव पायनघाट. उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग, दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरांची कड, आणि मधे नदीनं हजारो वर्षं गाळ आणून भरून काढलेली काळी जमीन. अमरावती समुद्रसपाटीपासून साधारण ३४० मीटरवर आहे, अकोला २८० च्या आसपास. म्हणजे दिवसभर पायडल मारून सायकलस्वार उतरतो तो साठ मीटर.

पुण्या-मुंबईकडचे सायकलवाले हे आकडे ऐकून हसतात. घाट नाही तिथं कस नाही, असा त्यांचा हिशेब. तो चुकीचा आहे. घाटात चढ संपला की उतार मिळतो. उतारावर पाय थांबतात, पाठ सैल होते, घाम वाळतो. सपाटीवर हा मोबदला नाही. पायडल थांबलं की सायकल थांबली. तासन्‌तास तेच स्नायू, सीटवर तोच भार, हँडलवर तीच मनगटं. गुडघ्यांच्या आधी बूड तक्रार करायला लागतं. शिवाय डोळ्यांनाही विसावा नाही: पुढच्या गावाची पाण्याची टाकी चार-पाच किलोमीटरवरून दिसायला लागते आणि मग ती जवळ येता येत नाही.

आमची तुकडी डिसेंबरात निघाली, कारण हिवाळा सोडला तर दुसरा शहाणपणाचा काळ नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पावसाळ्यात काळी माती फुगते, चिकटते, आणि डांबर सोडून दोन फूट बाजूला गेलेलं चाक गाऱ्यानं इतकं भरतं की ब्रेकमधून फिरतच नाही. तुकडीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, परतवाड्याचा एक औषधविक्रेता, दोन शिक्षिका, एक दंतवैद्य आणि अभियांत्रिकीची काही पोरं. पोरांच्या सायकली हलक्या, गिअरच्या, बोटावर उचलता येतील अशा. काकांची पोलादी, मागे कॅरिअर आणि त्यावर दोरीनं बांधलेली पिशवी. नियम एकच ठरला होता, की वेग काकांचा. पोरांनी तो मान्य केला आणि पहिल्या दहा किलोमीटरांतच मोडला.

पहाटे पाचला राजकमल चौकातून निघून वलगावला पोचेपर्यंत अंधारच होता. वलगाव पेढी नदीकाठी आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी इथंच देह ठेवला. हा सगळा मुलूख त्यांच्या पायाखालचा: जन्म अंजनगावजवळच्या शेंडगावचा, बालपण मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे, आणि लोकसेवेची सुरुवात पूर्णाकाठच्या ऋणमोचनला. सायकलस्वार ज्या गावांच्या पाट्या वाचत जातो त्यांतली निम्मी बाबांच्या चरित्रात येऊन गेलेली असतात. आयुष्यभर पायी फिरलेल्या माणसाचा हा प्रदेश मोटारीच्या काचेतून पाहण्यात तसाही अर्थ नाही.

अंधारात दोन्ही बाजूंच्या शेतांतून अधूनमधून टॉर्चचे झोत फिरत होते. एका शिक्षिकेला वाटलं, कुणाला तरी शोधताहेत. शोधत होते ते रोही. नीलगाईला इकडं रोही म्हणतात; त्यांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचं वावर साफ करतो. रानडुकरांचा त्रास वेगळाच. म्हणून थंडीच्या कडाक्यात शेतकरी माचणावर बसून जागल करतात, डबे वाजवतात, हाकारे घालतात. आमचे पुढचे-मागचे लुकलुकते दिवे पाहून एकानं माचणावरूनच आवाज दिला, “कोन हाये बे?” औषधविक्रेत्यानं ओरडून सांगितलं, “सायकलवाले!” थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, “मंग जा.”

उजाडलं तेव्हा रस्त्याकडेच्या बाभळींवर कापूस दिसायला लागला. झाडावर पिकल्यासारखा. वेचणीचा कापूस भरून गाड्या जिनिंगकडे जातात, त्या झाडांना घासतात आणि प्रत्येक काटा आपला वाटा काढून घेतो. शेतात बायांच्या रांगा लागल्या होत्या. पाठीवर उन्हं, कमरेला बांधलेलं फडकं, दोन्ही हात बोंडांवर. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून सायकलींची रांग बघायला मान वर करायलाही फारसं कुणी तयार नव्हतं. पऱ्हाटीच्या ओळींमधे तुरी उभ्या होत्या, कुठं हिरव्या, कुठं पिवळ्या फुलांच्या. हरभरा नुकता घोट्यापर्यंत आलेला.

या कापसानं वऱ्हाडाचा नकाशा काढला आहे. रेल्वे नव्हती तेव्हा इथला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. पाऊस लागला की वाटेतच भिजायचा. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आलं, आणि १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांचा तिकडचा कापूस तुटला. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांना अचानक अमरावती आणि खामगाव कुठं आहे ते कळायला लागलं. भुसावळहून अकोला, बडनेरा करत लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण त्या वैभवाची आठवण आहे. अमेरिकेतली लढाई थांबली आणि भाव कोसळले, तेव्हाही वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. दूर देशातल्या घडामोडींवर इथल्या बोंडाचा भाव ठरायचा, तो आजही बऱ्याच अंशी तसाच ठरतो.

दर्यापूरच्या आधी पूर्णा लागते. सातपुड्यातून दक्षिणेकडे येणारी ही नदी याच भागात पश्चिमेला वळते आणि पुढं जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. पुलावर सगळे थांबले. नदी खोल खोदलेल्या काठांच्या तळाशी होती, पाणी बेताचं. काठ मात्र पाहण्यासारखे: वरपासून खालपर्यंत गाळच गाळ, कुठं खडकाचा टवकाही नाही.

दर्यापूरला चहाच्या टपरीवर आलूबोंडे तळत होते. तिथं पहिल्यांदा तो प्रश्न आला, जो पुढं प्रत्येक गावात आला.

“शेगावले चालले का जी?”

वऱ्हाडात माणसांचा जथा रस्त्यानं निघाला तर तो शेगावला निघालेला असतो. गजानन महाराज १८७८ मध्ये शेगावी प्रकटले आणि १९१० मध्ये समाधिस्थ झाले. तेव्हापासून अमरावती, अकोला, यवतमाळकडून गावोगावच्या दिंड्या तिकडं पायी जातात. आम्ही अकोल्याला चाललोय म्हटल्यावर टपरीवाल्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी दिसली. “अकोल्याले? मंग इकून कायले? बडनेऱ्याहून सीधा रस्ता हाये ना!” काकांनी त्याला समजावलं की आम्हाला हा भाग बघायचा आहे. त्यानं चारी बाजूंना नजर फिरवली, तुरीचं वावर, विजेचा खांब, एसटीचा थांबा. “यात काय पाहाचं हाय?” असं तो म्हणाला नाही, पण आलूबोंडे मोजताना दोन जास्त टाकले, अडाण्यांवर दया करावी तसे.

यात पाहायचं काय, हाच प्रश्न १९७३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दोन पत्रकारांना विचारला गेला असणार. ‘डे मॉइन रजिस्टर’ या वृत्तपत्राचे जॉन कॅरस आणि डॉनल्ड कॉल यांनी राज्याच्या पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत सायकलनं जायचं ठरवलं आणि वाचकांनाही बोलावलं. मका आणि सोयाबीन याशिवाय काही नाही अशी त्या राज्याची ख्याती. पण लोक आले, दर वर्षी जुलैच्या अखेरीस येतच राहिले. आता जगभरातून हजारो जण जातात. निघताना मागचं चाक मिसूरी नदीत बुडवायचं आणि आठवड्यानं पुढचं चाक मिसिसिपीत, अशी रीत पडली आहे. वाटेतली खेडी त्यांच्यासाठी जेवणं रांधतात, चर्चच्या बाया फळं भरून भाजलेले ‘पाय’ विकतात, शाळेची मैदानं तंबूंनी भरतात. वाटेवरच्या गावांना चार पैसे मिळतात आणि शहरी माणसाला आपलं अन्न कुठून येतं ते कळतं.

मक्याचं सोडा, पण सोयाबीन आता वऱ्हाडातही आहे. गेल्या तीन-चार दशकांत त्यानं ज्वारीची आणि बऱ्याच ठिकाणी कापसाचीही जागा घेतली. नद्या दोन नाहीत, एकच पूर्णा दोनदा ओलांडावी लागते. गावं बोलकी आहेत, रोडगे आणि वांग्याची भाजी आहे, जानेवारीत हुरडा आहे. नाही ते कुणीतरी आमंत्रण देण्याचं मनावर घेणं.

दर्यापूर सोडलं आणि एका विद्यार्थ्यानं हातपंपावर बाटली भरली. एक घोट घेऊन थुंकला. पाणी स्वच्छ होतं, नितळ होतं आणि खारट होतं. हा खारपाणपट्टा.

पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. वर वऱ्हाडातली सर्वांत खोल, सर्वांत कसदार काळी माती. खाली शेकडो फूट गाळ आणि त्यात साठलेलं क्षारयुक्त पाणी. विहीर खणावी तर खारं लागतं, बोअर मारावं तर आणखी खारं. ते पिकाला दिलं तर माती दगडासारखी घट्ट होते आणि पुढच्या पावसाचं पाणी मुरत नाही. म्हणून इथला शेतकरी पावसावरच राहतो. ओलावा धरून ठेवणाऱ्या मातीच्या भरवशावर रब्बीचा हरभरा काढतो. राज्य सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं सुरू केलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या खोऱ्यातली ९३२ क्षारग्रस्त गावं घेतली आहेत. शेततळी हा त्यातला मोठा उपाय: आकाशातलं गोडं पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात मिसळण्याआधी अडवायचं. रस्त्यावरून अशी तळी दिसतात. हिरवट चौकोन, भोवती मातीचा बांध. ती मोटारीतून दिसत नाहीत, कारण बांध रस्त्यापेक्षा उंच असतो; सायकलच्या सीटवरून मान उंचावली की दिसतात.

पिण्याच्या पाण्याची गोष्ट आणखी कठीण. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांना सातपुड्यातल्या वान धरणाचं पाणी नळानं येतं. ती ‘८४ खेडी योजना’ इथल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. दर्यापूर-अंजनगावकडं शहानूर धरणाचं पाणी येतं. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, यावर घरातली धुणी आणि पाहुणे ठरतात. खाऱ्या पाण्यानं मूत्रपिंडं बिघडल्याच्या तक्रारी या गावांत वर्षानुवर्षं आहेत.

आणि याच खाऱ्या पाण्यानं एकदा इतिहासही घडवला. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडात मिठाचा सत्याग्रह कसा करायचा? एप्रिल १९३० मध्ये त्याचं उत्तर अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला मिळालं. तिथल्या खाऱ्या विहिरींचं पाणी काढून ते उकळून लोकांनी मीठ तयार केलं आणि कायदा मोडला. इथल्या विहिरींतून पूर्वी मीठ काढत असत, हे गॅझेटियरवाल्या इंग्रजांनीच लिहून ठेवलं होतं. दांडीला समुद्रानं जे दिलं ते इथं विहिरीनं दिलं. शाळेच्या पुस्तकात दांडी असते, दहीहंडा अकोल्यातल्या पोरांनाही क्वचित ठाऊक असतं. आमच्या तुकडीतल्या अभियांत्रिकीच्या पोरांपैकी एकानंही ते ऐकलं नव्हतं.

दर्यापूरजवळ बनोशाच्या स्टेशनाशी शकुंतला भेटते, म्हणजे तिचे रूळ भेटतात. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद मार्गाची गाडी कापसासाठीच घातलेली. मार्ग ब्रिटिश काळातल्या खासगी कंपनीचा, आणि स्वातंत्र्यानंतरही मालकी तिच्याकडेच राहिली, हा भारतीय रेल्वेच्या इतिहासातला एक चमत्कारिक अपवाद. मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होतं, मग डिझेल आलं. मूर्तिजापूर ते अचलपूर हे ७६ किलोमीटर जायला तिला चार तासांच्या आसपास लागत. दंतवैद्यानं तिथल्या तिथं हिशेब केला आणि जाहीर केलं की बऱ्यापैकी सायकलवाल्यानं शकुंतलेला हरवलं असतं. काकांना ते आवडलं नाही. त्यांच्या पहिल्या नोकरीचं गाव या मार्गावर होतं, आणि उन्हाळ्यात गाडीतून उतरून पाणी पिऊन पुन्हा चढता येत असे, असं ते म्हणाले. आता रुळांत बाभळी उगवल्या आहेत. गाडी बंद पडून काही वर्षं झाली; मार्ग रुंद करून ती पुन्हा सुरू करा, ही मागणी मात्र चालूच आहे.

अंजनगाव सुर्जी जवळ आलं तसा देखावा बदलला. सातपुड्याची निळी रेघ जाड झाली, विहिरींवर मोटारी दिसायला लागल्या, केळी आल्या, संत्र्याच्या बागा आल्या. आणि मग ते सावलीचे मळे, बाहेरून कुडासारखे दिसणारे, आत गारवा असणारे. नागवेलीची पानं आणि पानपिंपळी. सुंठ, मिरी, पिंपळी या त्रिकटूतली ही पिंपळी. बारी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या इथं जोपासलेली. तिला रोज गोडं पाणी लागतं. तासाभरापूर्वीच्या हातपंपाला ज्यानं तोंड लावलं होतं त्याला हे कळायला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी गोडं पाणी, नदीकडं खारं, आणि मधे सायकलनं तासा-दीड तासाचं अंतर. रस्त्यावरून दिसणारा हिरवेपणा हाच जमिनीखालच्या पाण्याचा नकाशा आहे आणि तो वाचायला ताशी पंधरा-अठरा किलोमीटर हा वेग अगदी बरोबर पडतो. मोटारीतून सगळं नुसतं शेतच दिसतं.

सुर्जी आणि अंजनगाव ही शहानूर नदीच्या दोन काठांवरची गावं. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला तो इथं, आणि त्यानं दिल्ली-आग्र्यापासून अहमदनगरपर्यंतचा मुलूख हातचा गेला. त्याच्या महिनाभर आधी, २९ नोव्हेंबरला, पश्चिमेला अडगावच्या मैदानात लढाई झाली होती; १५ डिसेंबरला गाविलगड पडला. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. ज्या सपाटीवर आम्ही वाऱ्याला शिव्या देत होतो तिच्यावरून त्याची पायदळं तोफा ओढत गेली. गावात या तहाची आठवण सांगणारं ठळक काही दिसलं नाही. चौकात विचारलं तर एका म्हाताऱ्यानं आधी देवनाथ मठाचा रस्ता दाखवला, मग बाजार समितीचा.

अंजनगाव-अकोट रस्त्यावर शाळा सुटली होती. सायकलवरच्या मुलींचा थवा समोरून आला आणि काही आमच्याच दिशेनं निघाल्या. महाराष्ट्र सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला फुकट सायकली मिळतात. त्यामुळे शेतीच्या मुलखात आज खरी सायकल चालते ती या मुलींची. बाप्यांनी तर ती केव्हाच सोडून मोटारसायकल घेतली. दोन वेण्यांतली एक मुलगी काही अंतर एका विद्यार्थ्याच्या बरोबरीनं आली, सायकल निरखली आणि विचारलं, “दादा, केवढ्याची हाये?” त्यानं खरी किंमत सांगितली. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, “मायी फुकटची हाये,” आणि पुढं निघून गेली. पाठीवर दप्तर, कॅरिअरवर मैत्रीण. तिला गाठायला पोराला दोन गिअर बदलावे लागले.

अकोटनंतर दिशा बदलली आणि वाराही पाठीशी आला. हिवाळ्यात इथं तो बहुधा उत्तर-पूर्वेकडून वाहतो. अकोट-अकोला हे पंचेचाळीस किलोमीटर त्यामुळे हलके गेले, एक पंक्चर सोडून. काकांच्या मागच्या चाकात सराटे घुसले होते, एक नव्हे तीन. ट्यूब बदलेपर्यंत बांधावरून एक जोडपं उतरून आलं, न विचारता तांब्याभर पाणी दिलं. गोडं होतं. आदल्या दिवशी नळ आला होता म्हणाले.

गांधीग्रामला पूर्णा पुन्हा आली. श्रावणात अकोल्याचे शिवभक्त इथून नदीचं पाणी भरतात आणि कावडी खांद्यावर घेऊन अनवाणी, वाजतगाजत राजराजेश्वराच्या मंदिरापर्यंत नेतात. शेवटच्या सोमवारी हा रस्ता माणसांचा असतो. २०२२ मध्ये इथल्या जुन्या पुलाला तडे गेले, वाहतूक बंद करावी लागली आणि अकोट तालुक्याचे हाल झाले. योगायोग असा, की मीटरगेज बंद पडल्यामुळे २०१७ पासून थांबलेली अकोला-अकोट रेल्वे त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रॉडगेजवर सुरू झाली. पूल खचतो तेव्हा रूळ कामाला येतात, हे वऱ्हाडाला शकुंतलेच्या बाबतीतही कधीतरी पटवून देता येईल.

अकोल्यात शिरताना अंधार पडला. मुक्कामी जेवणाच्या ताटावर पोरांचं बोलणं ब्रेव्हेवर आलं. फ्रान्समध्ये १८९१ पासून पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही बाराशे किलोमीटरची सायकलफेरी आहे. आता ती दर चार वर्षांनी होते आणि बहुतेकांना नव्वद तासांची मुदत असते. तिची पात्रता म्हणून जगभर दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या फेऱ्या होतात, विदर्भातही; त्याच ब्रेव्हे. दोनशेला साडेतेरा तास. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. पण मदतीची गाडी बरोबर ठेवायची नाही, पंक्चर आपलं आपण काढायचं, ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची ‘रॅम’ ही शर्यत एकट्यानं पुरी केली आणि २०१८ मध्ये रशियातली ट्रान्स-सैबेरियन. त्यानंतर विदर्भातल्या पोरांना ही नावं तोंडपाठ झाली. काका ऐकत होते. साडेतेरा तासांत दोनशे म्हणजे काही फार नाही, असं त्यांचं मत पडलं, आणि ते झोपायला गेले.

परतीचा महामार्ग हा या फेरीचा खरा घाट. तोंड पूर्वेला, वारा समोरून, रस्ता गुळगुळीत आणि सरळ. बोरगाव मंजू गेलं, काटेपूर्णेचा पूल गेला, तरी वेगाचा काटा वर सरकेना. इथं तुकडीचा उपयोग कळतो. सगळे एका रांगेत, चाकाला चाक लावून. पुढचा माणूस वारा अंगावर घेतो, मागच्यांची साधारण पाव हिस्सा मेहनत वाचते. चार-पाच मिनिटांनी तो बाजूला होतो आणि शेपटाला जातो. पुढचा ‘खड्डा!’ ओरडला की ती हाक रांगभर मागं जाते. पहिल्या दिवशी सुसाट सुटलेली पोरं आज आपणहून पुढं राहिली आणि काकांना मधे घेतलं. कुणी तसं ठरवलं नव्हतं. मूर्तिजापूरला गाडगेबाबांच्या गोरक्षणाची पाटी लागली, आणि तिथून पुढं विक्रमाचं डांबर. टायरखाली ते छान गुणगुणतं, हे कबूल करायला हवं.

पण ट्रक अंगावरून जातात. डावीकडची पट्टी कागदावर सायकलीला पुरेशी आहे; प्रत्यक्षात तिच्यावर फुटलेल्या काचा, ट्रकच्या टायरांच्या चिंध्या, वाळत घातलेली तूर आणि उलट्या दिशेनं येणारे मोटारसायकलवाले असतात. १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबर टाकू शकणाऱ्यांना आठवड्यातून एकदा ती झाडून घेणं जड जाऊ नये. अंजनगावच्या त्या मुलीसारख्या कितीतरी मुली या रस्त्याच्या कडेनंही शाळेत जातात.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी या काळात जा. दर्यापूर-अंजनगाव-अकोट हाच जाण्याचा रस्ता ठेवा. महामार्ग परतीलाच आणि उजेडात. दोन जादा ट्यूब, पंप, पाना आणि लाल दिवा बरोबर असू द्या. सराटे कुणालाच सोडत नाहीत. हातपंप दिसला म्हणून बाटली भरू नका, आधी गावात विचारा. आणि कुणी “शेगावले चालले का?” असं विचारलं, तर सरळ हो म्हणा, चहाचे पैसे घेणार नाहीत.